‘बघू’च्या पानावरचे शेअर

ह्यांची एक डायरी होती. कारखान्यातून दिवाळीला मिळालेली, खाकी पुठ्ठ्याची, १९९३ सालची. वर छापलेल्या तारखांकडे लक्ष न देता हे तीच डायरी शेवटपर्यंत वापरत राहिले. घेतलेला प्रत्येक शेअर तिच्यात एका ओळीत लिहिलेला: दिवस, नग, भाव आणि पुढे दोन-चार शब्दांत कारण. “बोनसच्या पैशातून.” “स्टोअरला माल ह्यांचाच येतो, टिकतो.” “शिफ्टमधले सगळे घेतायत.” आणि अगदी मागच्या दोन पानांवर, ठळक अक्षरात, अधोरेखित करून एकच शब्द: बघू.

त्या पानांवर पडलेले शेअर होते. घेतले, उतरले, मग विकायचे की ठेवायचे हे ठरलं नाही, म्हणून तिथे नेऊन ठेवले.

ऑगस्ट २०२२ मध्ये हे गेले. भांडुपला एलबीएस रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात ह्यांची नोकरी झाली. नव्वदच्या दशकात सेकंड शिफ्ट असली की सकाळची लोकल पकडून हे फोर्टात जात आणि फुटपाथवरून नव्या इश्यूंचे फॉर्म उचलून आणत. रात्री जेवणं झाल्यावर ताटं उचलली की त्याच टेबलावर फॉर्म भरायचे. अ‍ॅलॉटमेंट लागली, म्हणजे शेअर मिळाले, की पोस्टमनला चहा, नाही लागली तर रिफंडच्या ऑर्डरवर नुसतीच सही. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. शेअर हा त्यांचा प्रांत आणि फंडाचं पासबुक, एलआयसी हा माझा, अशी वाटणी न बोलता झाली होती. त्यामुळे ते गेल्यावर माझ्या हातात काय आलं हेच मला नीट कळेना.

शेअर जमा असतात त्या डीमॅट खात्यावर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. मग काही कटकट नाही, असं सगळे म्हणाले. कटकट नाही म्हणजे काय, तर आधी माझं स्वतःचं डीमॅट खातं उघडायचं, मग त्यात शेअर वळवायचा ट्रान्समिशनचा फॉर्म, मृत्यूदाखल्याची नोटरी केलेली प्रत, माझ्या नव्या खात्याचा तपशील देणारी क्लायंट मास्टर लिस्ट. पॅनवर माझं मधलं नाव पूर्ण होतं आणि आधारवर नुसतं आद्याक्षर, म्हणून फाइल एकदा परत आली. अडीच महिने गेले. कुणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर एवढं सांगते, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर त्याच्या हवाली होतात, पण वारसांचा हक्क तसाच राहतो. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. आमच्याकडे वारस म्हणजे मी आणि एकुलती एक मुलगी, त्यामुळे प्रश्न आला नाही.

कपाटात तीन कंपन्यांची कागदी सर्टिफिकेटंही निघाली. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, वारसाच्या नावावर मात्र करून घेता येतात. तीनपैकी दोन कंपन्यांचा दिलेल्या पत्त्यावर मागमूस नव्हता. तिसरीच्या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे इतके फॉर्म भरले की शेवटी तिथल्या माणसाला माझा आवाज फोनवर ओळखू येऊ लागला. नवं सर्टिफिकेट तेव्हा मिळत नव्हतं, पुष्टीपत्र मिळायचं आणि ते घेऊन १२० दिवसांत डीमॅटसाठी अर्ज टाकावा लागायचा. एवढंच पुरे, ती कहाणी वेगळी आहे.

नोव्हेंबरात पहिलं होल्डिंग स्टेटमेंट हातात आलं. एकतीस कंपन्या, बावीस लाखांच्या आसपास. मी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. आमच्या घरात बावीस लाख आहेत हे मला माहीत नव्हतं.

आणि मग सल्ले सुरू झाले.

धाकटे दीर बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “वहिनी, एकही विकू नका. दादाने जन्मभर सांभाळलंय.” जावई पुण्याहून आले ते लॅपटॉप घेऊनच. “आई, सगळं विकून टाका आणि इंडेक्स फंडात घाला, तो बाजाराबरोबर चालतो, म्हणजे बघायलाच नको.” सल्ला वाईट नव्हता, पण मुलीने आदल्याच महिन्यात मला हळूच सांगितलं होतं की ते रोज दुपारी ऑफिसात बसून ऑप्शन, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे, खेळतात. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अभ्यास आला, की आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य लोकांपैकी ९३ जणांचा तोटा झाला. ते कात्रण मी फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलंय. जावई येतात, पाणी पितात, वाचतात, काही बोलत नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत तर प्रत्येकाकडे एक शेअर होता, जो ‘घ्याच’ असा होता. ‘विकाच’ असं सहा महिन्यांत मला एकानेही सांगितलं नाही, जावई सोडून.

ज्या ब्रोकरकडे खातं उघडलं तिथून एका मुलीचा फोन आला. गोड बोलायची, अर्धं मराठी अर्धं हिंदी. “मॅम, सरांचं सिलेक्शन जुनं आहे. थोडं चर्निंग करूया.” म्हणजे जुने विकून नवे घ्यायचे. मला वाटलं, कंपनीची माणसं आहेत, शिकलेली आहेत, त्यांना कळत असेलच. खातं उघडताना जो कागदांचा गठ्ठा सहीला दिला होता त्यात माझ्या खात्यातून विकलेले शेअर उचलण्याचा अधिकार त्यांना देणारी डीडीपीआयची सहीही होती, हे मला नंतर कळलं. जानेवारी ते मार्च २०२३ या तीन महिन्यांत फोनवरून चौदा सौदे झाले. सात विकले, सात घेतले. ती बिचारी फोन ठेवताना दर वेळी म्हणायची, “मॅम, लाँग टर्मसाठी ठेवा.” आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन.

एका दुपारी शाळेतली सवय उफाळून आली. सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे सौद्यांची बिलं, काढल्या, लाल पेन घेतलं आणि बेरीज मांडली. दर सौदा साठेक हजाराचा. अर्धा टक्का ब्रोकरेज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, घेताना आणि विकताना दोन्ही वेळा एसटीटी हा सरकारी कर, विकताना डीमॅट खात्याचा डीपी चार्ज वेगळा. सहा हजारांच्या आसपास गेले होते. एकतीस कंपन्या एकतीसच राहिल्या होत्या, सात नावं तेवढी बदलली होती. त्या मुलीचा मला राग आला नाही. तिला महिन्याचं टार्गेट, ते ब्रोकरेजवर. मी वर्षभर काहीच न करता बसले असते तर तिची नोकरी गेली असती. माझ्या सल्लागाराचं पोट माझ्या हालचालीवर चालतंय, एवढंच मी लक्षात घेतलं नव्हतं. डीडीपीआय रद्द करायचा अर्ज टाकला आणि फोन उचलणं बंद केलं.

खरा धडा त्यानंतरचा आहे, आणि तो लिहायला अजून लाज वाटते.

शाळेतल्या एका मैत्रिणीच्या भाच्याने मला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. रोज सकाळी तिथे टिपा यायच्या, कुठे विकायचं ते टार्गेट, तोटा कुठे थांबवायचा तो स्टॉपलॉस, आणि संध्याकाळी हिरव्या आकड्यांचे फोटो. चालवणारा माणूस स्वतःला ‘सेबी रजिस्टर्ड’ म्हणवायचा, नंबर कुठेच नसायचा. मी दोन महिने नुसतं बघितलं. बघितलेले सगळे वर गेले. (खाली गेलेल्यांचे फोटो कुणी टाकत नाही, हे गणित तेव्हा सुचलं नाही. तीस वर्षं मुलांना गणित शिकवून!) ऑक्टोबर २०२३ मध्ये एका छोट्या कंपनीचे २५० शेअर १६४ रुपयांना घेतले. ४१,००० रुपये. कंपनी काय बनवते हे विचारलं नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणीतरी जाऊन घ्यायचं.

महिनाभरात १८१ झाला. मी मैत्रिणीला श्रीखंडाचा डबा नेऊन दिला.

मग एके दिवशी पाच टक्के खाली उघडला आणि तिथेच थांबला. ग्रुपवर आलं, “घाबरू नका, होल्ड करा, मोठे लोक माल गोळा करतायत.” दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच टक्के. मी विकायचं ठरवलं आणि तेव्हा मला कळलं की विकायचं ठरवणं आणि विकणं यात केवढं अंतर आहे. एका दिवसात भाव किती खाली जाऊ शकतो याची हद्द असते, ते लोअर सर्किट. ते लागलं की त्या भावाच्या खाली सौदा होत नाही आणि त्या भावाला घ्यायला कुणी नसतं. मोबाइलवर एका बाजूला विकणाऱ्यांचे लाखांचे आकडे, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. तुळशीला पाणी घातलं की नऊ वाजता मी ऑर्डर टाकून बसायचे, सव्वानऊला बाजार उघडायचा, आणि साडेतीनला ऑर्डर तशीच परत. माल घेऊन बाजारात बसलेय आणि गिऱ्हाईक नाही. असे नऊ दिवस. ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्याला तो माणूस काढून टाकत होता, मलाही काढलं. दहाव्या दिवशी ११२ ला कुणीतरी घेतले. तेरा हजार गेले.

रक्कम फार मोठी नाही, हे खरं. पण त्या नऊ दिवसांत मी जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवत होते. ह्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मुलीला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, “आई, सल्लाच हवा असेल तर फी घेणारा माणूस शोध.” मला ते पटेना. डॉक्टरला फी देतो, वकिलाला देतो, पत्रिका बघणाऱ्यालाही पाकीट देतो. पण ‘हा शेअर ठेव, तो वीक’ एवढं सांगण्याचे पंधरा हजार? तेवढ्यात... असं म्हणून मी थांबले, कारण तेवढ्यात काय झालं असतं याचा हिशेब माझ्याकडे लाल पेनाने लिहिलेला होता. सहा आणि तेरा, एकोणीस. फुकटचा सल्ला मला एकोणीस हजारांना पडला होता.

सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या गुंतवणूक सल्लागारांची यादी आहे. नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने आणि ब्रोकरचा ‘आयएनझेड’ने. एवढं माहीत असतं तरी त्या टेलिग्रामवाल्याला पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की बाबा, तुझं अक्षर कोणतं. नोंदणी झालेले सल्लागार साऱ्या देशात मिळून इतके थोडे आहेत हे पाहून मी चकित झाले. आमच्या एका वॉर्डात त्याहून जास्त लोक सल्ले देतात. मुंबईतली नावं काढली, दोघांना फोन केले. एक फक्त मोठ्या रकमेची खाती घेत होते. दुसरे दादरला, गोखले रोडवर, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिन्यात मांजर. फेब्रुवारी २०२४.

माणूस चाळिशीतला, साधा शर्ट, टेबलावर एकही स्क्रीन चालू नाही. मला वाटलं होतं, समोर टीव्हीवर बाजार पळत असेल.

“काकू, आधी मी काय करणार नाही ते सांगतो,” ते म्हणाले. “तुमचे पैसे हातात घेणार नाही. पासवर्ड, ओटीपी विचारणार नाही. कुठल्या कंपनीकडून मला कमिशन नाही, घेता येतच नाही. अमुक टक्के मिळतील असंही सांगणार नाही. फी चेकने द्या, रोख नको.” फी वर्षाला पंधरा हजार. ठरलेली फी घेणाऱ्यांना एका कुटुंबाकडून वर्षाला सव्वा लाखापेक्षा जास्त घेता येत नाही अशी सेबीची तेव्हा मर्यादा होती, तीही त्यांनीच दाखवली. करार वाचून सही करायला त्यांनी मला चार दिवस दिले. गठ्ठ्यावर सह्या करून घेणारी जागा आठवली.

पुढच्या भेटीत प्रश्नावली. नियमानुसार ग्राहकाची जोखीम पेलण्याची ताकद तपासावी लागते. एक प्रश्न असा होता, की तुमचे एक लाख तीन महिन्यांत सत्तर हजार झाले तर काय कराल? मी ऐटीत ‘अजून घेईन’वर खूण केली. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, “त्या सर्किटवाल्या शेअरच्या वेळी काय केलंत?”

मी गप्प.

“जेवण जात होतं का?”

मी खूण खोडली. आयुष्यात इतक्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, कॉपी पकडल्यावर चेहरा कसा होतो ते त्या दिवशी आतून कळलं.

शेअरचा विषय अजून निघालाच नव्हता. पेन्शन किती, घरखर्च किती, आरोग्य विमा किती, सोसायटीच्या पुनर्विकासात भाडं मिळेल की नाही, हात-पाय चालतायत तोवर कुठे जायचंय का. मग त्यांनी मला गृहपाठ दिला. एकतीस कंपन्यांची यादी, आणि प्रत्येकीपुढे एक ओळ: ही कंपनी काय विकते आणि ती माझ्याकडे का आहे. “इंटरनेटवरून उतरवू नका,” असंही म्हणाले. माझाच डायलॉग मला.

दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, बसले. नऊ कंपन्यांपुढे मला स्वतःला लिहिता आलं. चारांची कारणं ह्यांच्या डायरीत मिळाली, जशीच्या तशी उतरवली. सातांपुढे लिहिलं, “फोन आला म्हणून.” आणि उरल्या अकरा. त्या अकराही मागच्या दोन पानांवरच्या. त्यांच्यापुढे मी ह्यांचाच शब्द लिहिला.

वही बघून ते हसले नाहीत. त्या अकरा नावांवर पेन ठेवून म्हणाले, “काकू, होल्ड म्हणजेसुद्धा रोज घेतलेला निर्णय असतो. हा होल्ड नाही. हे नुसतं पडून आहे.” अकरापैकी दोन कंपन्यांचे व्यवहारच एक्सचेंजने थांबवलेले, त्या विकता येणार नव्हत्या. नऊ विकता येत होत्या. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. खरी झटापट दुसऱ्या पानावर झाली.

तोवर बाजार चढला होता आणि एकूण रक्कम सत्तावीस लाखांवर गेली होती. त्यातले अकरा लाख एकाच कंपनीत. तीच, जिचा माल ह्यांच्या स्टोअरला यायचा. १९९६ मध्ये ह्यांनी शंभर शेअर घेतले होते, कंपनीचे बोनस शेअर मिळत मिळत २०१५ पर्यंत त्यांचे सहाशे झाले. भाव १,८५०. सल्लागारांचं म्हणणं, की कंपनी चांगली आहे, तरी माझ्या वयाला शंभरातले एक्केचाळीस रुपये एका ठिकाणी नकोत, बारा-पंधरापर्यंत आणा. मी म्हटलं, हा ह्यांचा शेअर आहे, दुसरा कुठलाही विका. ते म्हणाले, दुसरे विकून काय होणार, जिथे वजन आहे तिथूनच उचलावं लागेल. मी म्हटलं, भाऊजी म्हणतात विकायचा नाही. ते म्हणाले, भाऊजींची पेन्शन किती? हे थोडं तिखट झालं. चहा मागवला.

चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, “काकांनी कधीच काही विकलं नाही?”

डायरी पिशवीत होती. मी पानं उलटली. घेतल्याच्याच ओळी. आणि मग जून २००८. त्याच कंपनीच्या नावाखाली: “विकले ५०. इंजिनीअरिंगची फी.” आणि खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, “भाव बरा नव्हता. फी भरायची होती.”

मुलगी इंजिनीअर झाली तेव्हा पैसे कुठून आले हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं होतं, पतसोसायटीचं कर्ज.

मी डायरी मिटली आणि म्हटलं, “किती विकायचे?”

यानंतरचा भाग कराचा आहे, पण तोच मला सगळ्यात आवडला, कारण तिथे अंदाज नव्हता, बेरीज होती. वारसाने आलेल्या शेअरला खरेदीचा भाव मूळ मालकाचाच धरतात आणि त्याने किती काळ ठेवला तेही आपल्या हिशेबात येतं. शिवाय ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव खरेदीभाव म्हणून धरता येतो, तो मूळ भावापेक्षा जास्त आणि विक्रीच्या भावापेक्षा कमी असेल तर. आमच्यासाठी तो १,१९० होता. म्हणजे दर शेअरला नफा ६६०. वर्षाला एक लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर तेव्हा कर नव्हता, त्यापुढच्या नफ्यावर दहा टक्के. ‘बघू’च्या पानावरच्या नऊ कंपन्या विकून बावन्न हजारांचा तोटा येत होता, आणि टेलिग्रामवाल्याचे तेरा हजार. हा पासष्ट हजारांचा तोटा नफ्यातून वजा होतो. म्हणजे एक लाख पासष्ट हजारांपर्यंत नफा बिनकराचा. भागिले ६६०. अडीचशे शेअर, बाकी शून्य. मी ते गणित दोनदा करून पाहिलं. तीस वर्षं धूळ खात पडलेल्या शेअरचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो हा.

ब्रोकरच्या ॲपमध्ये मात्र या शेअरचा खरेदीभाव शून्य दाखवत होता, कारण ते बाहेरून खात्यात आले होते. म्हणजे सगळीच रक्कम नफा! तसंच विवरणपत्र सीएकडे गेलं असतं तर केवढा कर भरून बसले असते. डायरीतला १९९६ चा भाव आणि जुनी बिलं तिथे कामी आली. हे गेल्यावर मी ती डायरी रद्दीत टाकायला काढली होती. मुलीने वाचवली.

मार्चचा शेवटचा आठवडा तुटका होता. सोमवारी, २५ ला धुळवड, शुक्रवारी, २९ ला गुड फ्रायडे, मधले तीनच दिवस बाजार. मंगळवारी नऊ छोट्या कंपन्या विकल्या, त्यांचे मिळून अडतीस हजार आले. बुधवारी ते अडीचशे. डीडीपीआय रद्द केल्यामुळे प्रत्येक विक्रीला, डीमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएलचा टीपिन हा गुप्त आकडा आणि ओटीपी लागतो. कटकट आहे, पण त्या दोन पायऱ्यांवर उभं राहून एकदा विचार होतो. बोट ठेवलं तेव्हा देवघरासमोर बसले होते, हे खरं. सौदा एका सेकंदात झाला. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या दिवशी पैसे ब्रोकरच्या लेजरला, मग बँकेत.

साडेचार लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ९,२२५ रुपये येतात. त्या अडीचशे शेअरवर वर्षाला डिव्हिडंड येत होता तीन हजार. सल्लागारांनी लगेच सावध केलं, की ही तुलना बरोबर नाही, शेअर वाढतो आणि पोस्टातले साडेचार लाख साडेचारच राहतात. कळतं मला. पण ९,२२५ चा मेसेज आला की त्या दिवशी मी सुरमई आणते.

नवं आर्थिक वर्ष लागल्यावर एप्रिलमध्ये १,८८० ने १४० विकले. मग ४ जून आला. लोकसभेचा निकाल, सेन्सेक्स एका दिवसात ४,३९० अंकांनी खाली. आदल्या दिवशी अडीच हजारांनी वर गेला होता. मी सल्लागारांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. विचारणार काय होते? पुढच्या तीन वर्षांच्या खर्चाचे पैसे पोस्टात आणि एफडीत होते. दुपारी झोपले. झोप लागली, हे मुद्दाम लिहितेय.

जुलैच्या अर्थसंकल्पात नियम बदलला. दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, पण सवलत सव्वा लाखापर्यंत. एप्रिलचा नफा ९६,६०० झाला होता. उरले २८,४००. सप्टेंबरात भाव १,९०० होता तेव्हा चाळीस विकले, नफा बरोबर २८,४००. त्या दिवशी मी त्यांना फोन करून हे सांगितलं, आणि पलीकडून ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. आता त्या कंपनीचे १७० उरलेत. ते ठेवायचे असं ठरलंय. कारणाची ओळ वहीत आहे.

सगळंच पटलं असं नाही. ‘फोन आला म्हणून’ घेतलेल्यांपैकी दोन त्यांनी मला ठेवायला लावलेत, त्यातला एक खालीच आहे. वर्षाअखेर फीचा दुसरा चेक लिहिताना हात थोडा थांबलाच. आणि व्यवहार थांबलेल्या त्या दोन कंपन्या खात्यात तशाच दिसतात, विकताही येत नाहीत, पुसताही येत नाहीत.

विक्रीच्या नोंदी मी ह्यांच्याच डायरीत करते. त्यांच्या ओळीखाली माझी ओळ, माझ्या शाळेच्या अक्षरात. दिवस, नग, भाव, कारण.

भाऊजींचा परवा पुन्हा फोन आला. त्यांना तारीख, भाव सगळं पाठ आहे.

“वहिनी, साडेअठराशेला विकलेत ना मार्चमध्ये? आजचा भाव बघितलात?”

“बघितला, भाऊजी. चौदा टक्के वर आहे.”

“मग?”

“मग काही नाही. रविवारी जेवायला या.”